बेडूक, माशा आणि मेजर



गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले, ती मार्चअखेर परतले. तिथली थंडी, तिथलं जैन सेंटर, तिथल्या पाठशाळेतली इंग्रजीतून ‘जय जिनेंद्र’ म्हणणारी मुलं, यावर मागे लिहून झालंय. हा विषय मात्र राखून ठेवला होता, कारण तो नातीचा आहे आणि तिची परवानगी हवी होती. परवानगी मिळाली, पण नाव छापायचं नाही या अटीवर. म्हणून इथे ती चिऊ.

चिऊ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, नंबर लागला की मूल थेट एमबीबीएसला जातं. तिथे थोडे अपवाद सोडले तर तसं नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेश मिळालाच तर चार वर्षं मेडिकल आणि त्यापुढे रेसिडेन्सी, तीही किमान तीन वर्षं. पदवी कुठल्या विषयात घ्यायची, म्हणजे ‘मेजर’ काय, हे साधारण दुसरं वर्ष संपेपर्यंत ठरवून लिहून द्यावं लागतं. मला इतकी वर्षं वाटायचं, ‘प्रीमेड’ नावाची एक शाखाच असते. तशी शाखा नाही. प्रीमेड म्हणजे नुसतं ‘मी त्या वाटेवर आहे’ असं सांगणं. मेजर काहीही असू शकतं, इतिहाससुद्धा.

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चिऊ घरी आली. त्या दिवसांत तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे आमची रात्रीची जेवणं दुपारी चारला! (जावई ऑफिसातून येईपर्यंत आमचं प्रतिक्रमणही उरकलेलं असायचं.) पोरीने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. लेकीने विचारलं तर म्हणाली, ‘या आठवड्यात मी तीनशेच्या वर माशा मारल्या.’

आनुवंशिकतेच्या प्रयोगशाळेत फळांवरच्या त्या बारीक माशा असतात. आपल्याकडे केळी जास्त पिकली की घोंघावतात ना, त्याच. त्यांची जोडी जमवायची, पिल्लं झाली की लाल डोळ्यांची किती आणि पांढऱ्या डोळ्यांची किती हे मोजायचं. मोजताना त्या उडू नयेत म्हणून आधी गुंगी द्यायची. आणि मोजून झाल्या की अल्कोहोल भरलेल्या बाटलीत टाकायच्या. त्या बाटलीला सगळे ‘मॉर्ग’ म्हणतात. मॉर्ग म्हणजे शवागार.

‘आजी, चतुरिंद्रिय,’ ती मला म्हणाली. एवढा एक शब्द तिने मराठी-संस्कृतात म्हटला. पाठशाळेत शिकलेला.

लेक म्हणाली, ‘अगं, बायोलॉजी म्हटल्यावर हे येणारच. पुढे माणसं बरी करायची आहेत ना?’ चिऊ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला त्या क्षणी माशा दिसतच नव्हत्या, बेडूक दिसत होता.

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. १९७५ साली मी दहावी झाले. नव्या अभ्यासक्रमाची ती पहिलीच तुकडी, त्यामुळे पुढे अकरावीला कुठे जायचं, काय घ्यायचं, हे घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सांगलीत आमचं हळदीचं अडत दुकान. मला गणितात आणि शास्त्रात चांगले गुण पडले होते. मिरजेचं मेडिकल कॉलेज घरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. मी धीर करून अण्णांना म्हटलं, मला सायन्सला जायचंय, डॉक्टर व्हायचंय.

अण्णा चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘तिथं बेडूक कापावा लागतो. आपल्यात चालत नाही.’ आणि आई आतून म्हणाली, ‘बेडूक कापलेल्या हातानं महाराजांना आहार कसा देणार तू?’

सोळा वर्षांच्या मुलीकडे याला काय उत्तर असणार? मला ते पटलंही. आपण काहीतरी मोठा त्याग केला असं वाटून मी कॉमर्सला गेले, बी.कॉम. झाले, आणि लग्न होईपर्यंत दुकानाच्या वह्या लिहिल्या. मला वह्या आवडायच्या, ते खोटं कशाला सांगू.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोन वर्षांनी तो सायन्सला गेला. गांडूळ, झुरळ, बेडूक, सगळं त्याच्या प्रॅक्टिकलला होतं. घरात कुणी बेडकाचं नावसुद्धा काढलं नाही. त्या चातुर्मासात महाराज गावात होते. पडगाहनाला मी कलश घेऊन उभी होते आणि आहार दिला भावाने, त्याच हातांनी. मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मला कळलं की प्रश्न बेडकाचा नव्हता. आपल्या समाजाने शिक्षणासाठी किती केलंय ते तुम्हाला माहीत आहे. दक्षिण भारत जैन सभा १८९९ ची. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. अण्णा हे अभिमानाने सांगायचे. पण मुलगी मिरजेला पाच-सहा वर्षं जाणार, मग तिला तसं स्थळ बघायचं, खर्च करायचा, हे त्यांना नको होतं. ते सरळ म्हणाले असते तर मी भांडले असते. अहिंसेशी कोण भांडणार?

म्हणून त्या रात्री मला दोन भीती होत्या. एक, मी चिऊला ‘सोड बायोलॉजी’ म्हटलं तर मी अण्णा होईन. दुसरी, मी तिला ‘काही होत नाही, कर डॉक्टरकी’ म्हटलं तर ते तिच्यासाठी नसेल, माझ्या राहून गेलेल्या गोष्टीसाठी असेल. तिने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘मी हो-नाही काही सांगणार नाही. वही आण, हिशेब करू.’

सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ती आकडे सांगत गेली, मी मांडत गेले. पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. मेडिकल कॉलेजांच्या याद्या थोड्या वेगवेगळ्या असतात, पण बहुतेकांना जे लागतं ते असं: बायोलॉजी लॅबसह वर्षभर, ८ क्रेडिट. सर्वसाधारण केमिस्ट्री ८. ऑरगॅनिक केमिस्ट्री ८. फिजिक्स ८. झाले ३२. त्यात बायोकेमिस्ट्रीचे ४, स्टॅटिस्टिक्सचे ३-४, इंग्रजीचे ६. बेरीज ४५-४६. बाकी उरले चौऱ्याहत्तर!

मी पेन खाली ठेवलं. ‘अगं, म्हणजे मेडिकलला लागतं त्यात बायोलॉजी फक्त आठ? आणि केमिस्ट्री बायोकेमिस्ट्री धरून वीस?’

चिऊला हे ठाऊक होतं, पण तिने असं खाली खाली मांडून कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या मैत्रिणी बायोलॉजी घेतात म्हणून तीही घेणार होती. मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे ती दरवर्षी तक्ता प्रसिद्ध करते. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं बायोलॉजी आणि तत्सम विषयांची असतात. पण प्रवेश मिळण्याच्या प्रमाणात ती पुढे नाहीत. साहित्य, तत्त्वज्ञान घेतलेली मोजकी मुलं त्यांच्या बरोबरीने, किंबहुना किंचित जास्तच, प्रवेश मिळवतात. हे वाचून लेकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दुसरं पान मी ‘न मिळाल्यास’ असं नाव देऊन उघडलं. हे घरात कुणी बोलत नव्हतं. तिथे दरवर्षी पन्नास हजारांच्या वर मुलं अर्ज करतात आणि त्यातल्या निम्म्यांनाही प्रवेश मिळत नाही. आणि ही अर्जापर्यंत पोचलेली मुलं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत अडकून आधीच वाट बदलणारी वेगळी. मग पदवी हातात घेऊन उभं राहायचं झालं तर त्या पदवीचं बाजारात काय मोल आहे, हे आधीच बघायला नको? आम्ही अडतवाले. माल पडून राहिला तर काय, हे पहिल्या दिवशी विचारायची सवय.

तिसरं गुणांचं. अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची वेगळी सरासरी काढतात. शिवाय एमकॅट नावाची साडेसात तासांची परीक्षा असते, ४७२ ते ५२८ गुणांची. तिचे चार भाग, त्यातला एक २०१५ पासून मानसशास्त्र-समाजशास्त्राचा. म्हणजे ज्या विषयात मुलगी मनापासून अभ्यास करेल आणि गुण टिकवेल, तोच विषय बरा. ओढूनताणून घेतलेलं मेजर दोन्हीकडून मारतं.

इथवर सगळं सोपं होतं. माशांचं काय, हे वहीत बसेना.

संध्याकाळी स्वाध्यायाला बसलो तेव्हा चिऊने हिंसेचे चार प्रकार काढले. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घरकामात होते ती आरंभी, उपजीविकेत होते ती उद्योगी, रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. ही गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, पण संकल्पी, म्हणजे मारायचंच म्हणून मारलेलं, ती त्याने सोडायचीच. मी म्हटलं, शिक्षणासाठी केलेलं उद्योगीत धरता येईल कदाचित. चिऊ म्हणाली, ‘आजी, वेळापत्रकात लिहिलंय. मंगळवारी दोन वाजता माशा मोजायच्या आणि मग बाटलीत टाकायच्या. हे ठरवून आहे. संकल्पीच झालं ना?’

मी चारही दानांची आठवण काढली. आहार, औषध, शास्त्र, अभय. डॉक्टर होणं म्हणजे औषधदान. ती म्हणाली, ‘आणि माशांचं अभयदान?’ मग तीच पुढे म्हणाली, की हे सगळं ज्ञान माशांवरच उभं आहे. पांढऱ्या डोळ्यांची माशी थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञांना १९१० मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात सापडली. काही गुण आईकडून मुलाकडे कसे जातात ते त्यावरून कळलं, आणि हिमोफिलियासारखे आजार आईकडून मुलाकडे का येतात ते समजायला वाट झाली. ‘मी ते पुस्तकातून शिकतेय, म्हणजे त्या माशांचा फायदा मी घेतलाच आहे. पण तीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली असताना मी परत तीनशे कशाला मारायच्या?’

मला तिचा अभिमान वाटला आणि मी थोडी आजीपणात बोलून गेले, ‘आपल्या घरात किती जपलंय बघ, पाणी गाळल्याशिवाय आम्ही—’

‘आजी,’ ती म्हणाली, ‘तुझ्या पैठणीला किती किडे लागले?’

रागाने नाही, खरंच विचारलं. रेशमाच्या एका साडीला हजारो कोष लागतात, आणि धागा अखंड मिळावा म्हणून ते कोष आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात टाकतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. लेकीच्या लग्नात नेसलेली पैठणी मी तिच्याच घरी कपाटात ठेवून आले होते, चिऊच्या लग्नासाठी. त्यावर मी काही बोलले नाही. अजूनही माझ्याकडे उत्तर नाही, ती पैठणीही तिथेच आहे.

एक गोष्ट तिच्या बाजूची होती. न्यू जर्सीत २००६ पासून शाळकरी मुलांना प्राणी कापायला नकार देण्याचा कायदेशीर हक्क आहे. चिऊने हायस्कूलमध्ये तो वापरला होता, बेडूक तिने संगणकावर केला. कॉलेजला तो कायदा लागू नाही, तिथे प्राध्यापकाच्या मर्जीवर. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्येच प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, तेव्हा तुमच्यातल्या कुणाची नात बी.एस्सी.ला जात असेल आणि घरात बेडकाचं कारण निघालं, तर हे लक्षात असू द्या. आणि तिथल्या मेडिकल कॉलेजांत विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी जिवंत प्राणी वापरणं २०१६ साली थांबलं. पुढे शरीररचना शिकायची ती माणसाच्या देहावर, ज्याने आपणहून देहदान केलंय त्याच्या. म्हणजे तिला अडवणारा भाग पदवीतलाच होता, डॉक्टरकीत नव्हता. आम्ही परत वही उघडली. बायोलॉजी मेजर घेतलं तर पुढे आणखी दोन लॅबमध्ये प्राणी होते. केमिस्ट्रीत एकाही नाही.

पण म्हणून केमिस्ट्री घे, असं मी म्हटलं नाही. नको ते टाळायला घेतलेला विषय म्हणजे पुन्हा माझं कॉमर्स.

डिसेंबरात एक दिवस तिने फोटो पाठवला. काचेच्या पट्टीसारखं काहीतरी, त्यावर एकाखाली एक तीन पिवळे ठिपके. खाली लिहिलं होतं, ‘आजी, हळद!’ ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये त्यांनी हळकुंडाच्या पुडीतला रंग वेगळा केला होता. आपण हळदीचा पिवळा म्हणतो तो एक रंग नाही, तीन आहेत, कुरक्युमिन आणि त्याची दोन भावंडं. रात्री तिने फोन केला आणि वीस मिनिटं ती त्याच तीन ठिपक्यांवर बोलत होती. ठिपका वर का चढतो, कुठला आधी थांबतो, का थांबतो. पणजोबांच्या दुकानात हळद हातावर चोळून, मोडून, तिचा आतला रंग बघून भाव ठरवायचे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे ते डोळ्यांनी करायचे ते मी पट्टीवर केलं.’ (ओली हळद चालते का, असंही तिने विचारलं. म्हटलं, वाळलेली चालते, ओली कंदात जाते. यावर तिला आणखी वीस मिनिटं पाहिजे होती, मी फोन ठेवला.)

माशांबद्दल ती कधी वीस मिनिटं बोलली नव्हती. ते मी वहीत लिहिलं नाही, पण लेकीला सांगितलं.

लेकीचा विरोध तरी होताच. केमिस्ट्री अवघड, गुण घसरले तर मेडिकल गेलंच. तिचं चूक नव्हतं. पुढे फिजिकल केमिस्ट्री येते, त्यात गणित बरंच असतं, आणि एका सेमिस्टरने सरासरी खाली येऊ शकते. जावई म्हणाले, तिच्या ऑरगॅनिकचा निकाल लागू दे. निकाल लागला, ‘ए’ मिळाला. आनुवंशिकतेत ‘बी प्लस’. शेवटच्या दोन मंगळवारी तिने प्राध्यापकांना मेल लिहून माशा न मारता दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांवर काम करू देण्याची विनंती केली होती. त्यांनी मान्य केलं, लॅबचे थोडे गुण मात्र कापले. चिऊ म्हणाली, ते बरोबर आहे, तिने काम पूर्ण केलं नव्हतं.

मार्चमध्ये, मी निघायच्या आठवड्यात, तिने फॉर्म भरला. मेजर, केमिस्ट्री. मला वाचायला दिला नाही, भरून झाल्यावर सांगितलं.

सांगलीला परतल्यावर भाऊ भेटायला आला. त्याला मेडिकलला प्रवेश मिळाला नव्हता, बी.एस्सी. करून तो दुकानातच आला, आता त्याची मुलं बघतात. मी चहा ठेवता ठेवता चिऊचं सांगितलं, आणि कसं कोण जाणे, बेडकाचंही बोलले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

तो बराच वेळ कप हातात धरून बसला. मग म्हणाला, ‘अक्का, मी तो बेडूक कापलाच नाही. हात थरथरायला लागला. शेजारच्या पोरानं कापला, मी नुसती चित्रं काढली. घरी सांगितलं असतं तर अण्णा म्हणाले असते, पोरगा भित्रा आहे.’

मी विचारलं, ‘मग आहार दिलास तेव्हा?’

‘तेव्हा मला वाटलं, तुला माहीत असेल.’

चहा निवला होता, मी परत गरम केला.